मोबाइल टॉयलेटच्या सर्व्हिस गाडीवर स्टेनलेस स्टीलची टाकी: दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

इंदूरमध्ये लग्नसमारंभ, बांधकामाच्या जागा आणि रंगपंचमीच्या ‘गेर’ मिरवणुकीसारखे गर्दीचे कार्यक्रम यांसाठी मोबाइल टॉयलेट भाड्याने देण्याचा आमचा व्यवसाय आहे. या टॉयलेटमधला मैला उपसणाऱ्या गाडीवर आम्ही जुन्या माइल्ड स्टीलच्या टाकीऐवजी 304 एल दर्जाच्या स्टेनलेस स्टीलची, 4 मिलिमीटर पत्र्याची, अडीच हजार लिटरची टाकी बसवली, त्याला आता दोन पावसाळे उलटले आहेत. गाडी बांधून घेताना बहुतेक जण ‘टिकेल ना?’ एवढेच विचारतात आणि टाकी बनवणारा फॅब्रिकेटर ‘एसएस (स्टेनलेस स्टील) आहे, गंजणार नाही’ असे सांगून मोकळा होतो. टाकी नेमकी कुठून सडते, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

ती छताकडून सडते. जुनी टाकी उतरवली तेव्हा पीथमपूरहून जाडी मोजण्याचे अल्ट्रासॉनिक यंत्र मागवून तिची तपासणी केली. मूळचा 5 मिलिमीटरचा पत्रा तळाशी साडेचारच्या आसपास शाबूत होता, पण मॅनहोलच्या भोवती, जिथे मैला कधी पोहोचतही नाही, तिथे तो काही ठिकाणी तीनच्याही खाली गेला होता. याचे कारण असे की लघवीतल्या युरियाचा अमोनिया होऊन खालचा द्रव अल्कधर्मी बनतो आणि लोखंडाला त्याचा फारसा त्रास होत नाही. गाळातल्या जिवाणूंमुळे तयार होणारा हायड्रोजन सल्फाइड वायू मात्र वर जातो, छताच्या ओलाव्यात विरघळतो, आणि तिथले दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचे गंधकाम्ल करतात. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा अर्धी भरलेली टाकी रात्रभर उभी ठेवली की हे काम विशेष जोरात चालते.

यावर आतून इपॉक्सी या रंगासारख्या रेझिनचा थर देणे हा नेहमीचा उपाय आहे आणि पहिल्यांदा, नव्या पत्र्यावर ब्लास्टिंग करून, म्हणजे कणांच्या माऱ्याने पृष्ठभाग साफ करून, दिला तर तो चांगला टिकतोही. अडचण पुढे येते. थर कुठे उखडला हे पाहायला आणि दुरुस्त करायला माणूस आत उतरवावा लागतो, आणि ज्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो तिच्यात माणूस उतरवायचा नाही, हा आमच्याकडे न मोडणारा नियम आहे. या वायूचे प्रमाण वाढले की नाकाला वासच येईनासा होतो, त्यामुळे ‘वास नाही, उतरतो’ म्हणणारा मदतनीसच सर्वाधिक धोक्यात असतो. स्टेनलेसकडे वळण्याचे आमचे पहिले कारण टिकाऊपणापेक्षाही हे होते.

आता प्रत्यक्ष अनुभव. वेल्डिंगचे जोड सोडले तर पत्रा आतून आजही स्वच्छ दिसतो. मॅनहोल उघडून काठीला बांधलेला आरसा आत धरायचा आणि टॉर्च मारायचा, अशी आमची तपासणीची पद्धत आहे. पहिल्या पावसाळ्यानंतर छताच्या लांब जोडालगत तपकिरी ओघळ दिसू लागले, थेट कपाच्या काठावरच्या चहाच्या डागांसारखे. पत्रा निर्दोष होता. मिस्त्रींनी वेल्डिंगनंतर उरलेला निळसर-काळा थर पिकलिंग पेस्टने, म्हणजे जोड साफ करणाऱ्या आम्लाच्या लेपाने, काढलाच नव्हता, शिवाय ज्या चकतीने साधे लोखंड घासले तीच चकती स्टेनलेसवर फिरवली होती, त्यामुळे लोखंडाचे कण त्यात रुतले होते. मॅनहोलच्या बाहेरून हात पोहोचेल तेवढ्या भागात पेस्ट लावून भरपूर पाण्याने धुतली, आणि तिथे डाग पुन्हा आले नाहीत. जिथे हात पोहोचला नाही तिथे ते अजून आहेत, फक्त वाढलेले नाहीत.

स्टेनलेसचा खरा शत्रू क्लोराइड आहे आणि आपण तो स्वतःच्या हाताने आत ओततो. बाजारात टॉयलेट साफ करण्याचे जे निळे द्रव मिळते त्यात साधारण 10 टक्के हायड्रोक्लोरिक अॅसिड असते. हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे ब्लीच, तर प्रत्येक मदतनीसाच्या बादलीत असते. दोन्ही एकाच टाकीत गेली तर क्लोरीन वायू सुटतो, तो धोका आणखी वेगळा. त्यात तळाशी लघवीतल्या क्षारांचा दगडासारखा थर बसतो आणि त्याच्याखाली ऑक्सिजन न पोहोचल्याने पत्र्याला बारीक, खोल खड्डे पडू शकतात. आम्ही आता अॅसिडचे क्लीनर पूर्ण बंद केले आहे, आणि कबीटखेडीच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राकडे गाडी रिकामी करून आल्यावर साध्या पाण्याने टाकी, छतासकट, फिरत्या नोझलने धुतल्याशिवाय गाडी जागेवर लावली जात नाही. 316 दर्जाच्या स्टीलमध्ये 2 ते 3 टक्के मोलिब्डेनम असल्यामुळे ते क्लोराइड अधिक सोसते, परंतु धुण्याची शिस्त असेल तर शहरातल्या कामासाठी त्याचा जादा खर्च मला पटत नाही. समुद्रकाठी मी वेगळा निर्णय घेतला असता.

जाडीच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये. ‘एसएसला गंजासाठी जादा जाडी धरायची नसते, 3 मिलिमीटर पुरे’ असे आम्हालाही सांगण्यात आले होते. मैला उपसताना पंप 500 मिलिमीटर पाऱ्याइतका व्हॅक्यूम ओढतो तेव्हा टाकीच्या प्रत्येक चौरस मीटरवर बाहेरून साडेसहा टनांहून अधिक दाब येतो, आणि तो सोसण्याचे काम गंजरोधकतेचे नसून ताठपणाचे आहे. स्टेनलेसचा ताठपणा साध्या लोखंडाइतकाच, किंबहुना किंचित कमी असतो. म्हणून पत्रा पातळ करायचा असेल तर टाकीभोवती बाहेरून मजबुतीच्या गोल कड्या द्याव्याच लागतात. आमच्या टाकीला त्या आहेत आणि आजवर कुठेही पत्रा आत दबलेला नाही.

अॅल्युमिनियमचा मोह मलाही झाला होता. त्याचा ताठपणा स्टीलच्या साधारण एक तृतीयांश, त्यामुळे जाडी सुमारे 1.4 पट घ्यावी लागते. तरीही चौरस मीटरला 5 मिलिमीटर लोखंडाचे 39 किलो, 4 मिलिमीटर स्टेनलेसचे 32 किलो, तर 7 मिलिमीटर अॅल्युमिनियमचे 19 किलोच भरतात. राजवाड्यामागच्या गल्ल्यांत लहान गाडी न्यायची असेल तर वाचलेले वजन म्हणजे तेवढाच जादा मैला. पण अॅल्युमिनियमचे संरक्षक कवच साधारण पीएच 4 ते 8.5 या पट्ट्यातच टिकते आणि शिळा मैला अमोनियामुळे या पट्ट्याच्या वर सहज जातो. शिवाय एखादा जोड तडकला तर तो टिग वेल्डिंगने नीट जोडणारा कारागीर सांवेर रोडच्या औद्योगिक भागात शोधावा लागतो, आणि चॅसिसच्या लोखंडाशी थेट स्पर्श टाळायला मध्ये रबर ठेवावे लागते.

प्लॅस्टिकच्या टाकीत व्हॅक्यूम धरत नाही, त्यामुळे मैल्यासाठी तिचा विचारच नको. धुण्याच्या पाण्यासाठी मात्र तिच्याइतके स्वस्त आणि बिनत्रासाचे दुसरे काही नाही. एकाच धातूच्या टाकीत पडदा घालून मैला आणि पाणी शेजारी ठेवण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही, कारण त्या पडद्याचा जोड तडकला तर ते बाहेरून कुणालाच कळत नाही.

किलोमागे स्टेनलेसचा भाव लोखंडाच्या सुमारे तिप्पट पडला, वजन थोडे कमी लागल्याने टाकीच्या किमतीत तफावत काहीशी कमी झाली. सलग अनेक वर्षे स्वच्छतेत पहिल्या आलेल्या शहरात गळकी टाकी घेऊन फिरण्याची सोय नसल्यामुळे मी हा खर्च पुन्हा करीन. 2028 च्या उज्जैनच्या सिंहस्थासाठी दुसरी गाडी बांधायची आहे. तिच्या मागणीपत्रात पत्र्याचे मिल सर्टिफिकेट (कारखान्याचा दर्जाचा दाखला), लोहामंडीत 304 म्हणून खपणारा 202 या हलक्या दर्जाचा पत्रा ओळखण्यासाठी आमच्यासमोर रासायनिक थेंब-चाचणी, स्टेनलेससाठी वेगळ्या चकत्या, सर्व जोडांना आतून-बाहेरून पिकलिंग, आणि दोन्ही टोकांना हात आत जाईल असे मॅनहोल, या अटी आम्ही आधीच लिहून ठेवल्या आहेत.