४ लाख ३८ हजारांची ‘टॉप मॉडेल’ आणि स्टिअरिंगमध्ये थर्माकोल

३१ वर्षं बँकेत कॅशवर बसलो. बंडल मोजता मोजता खोटी नोट बोटाला कळायची, डोळ्यांपर्यंत जायचीच नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल की हा माणूस मुळातच बावळट असणार. नव्हतो. तरीही पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या शेठनं मला गाडीचं मधलं व्हेरियंट (म्हणजे मधल्या दर्जाचा प्रकार) टॉप म्हणून विकलं आणि मी त्याला वर पेढे देऊन आलो.

डीलरचं नाव लिहीत नाही. वकील म्हणाले, उलट तोच बदनामीचा दावा ठोकेल. गाडी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक. टॉप म्हणजे झेडएक्सआय, मधली म्हणजे व्हीएक्सआय, एवढ्यावरून कंपनी ओळखणारे ओळखतील. दोष कंपनीचा नाही.

आता आकडे. शेठनं सांगितले ४,६५,०००. तुटली ४,३८,००० ला. २८ सप्टेंबर २०२५, रविवार, टोकन ११,००० यूपीआयनं. १ ऑक्टोबरला आरटीजीएस २,३७,०००. उरलेले १,९०,००० रोख. हो, रोख. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही, म्हणूनच एक लाख नव्वद. ५०० च्या स्टॅम्पपेपरवर किंमत टाकली २,४८,०००. पेपर ट्रान्सफरचे वेगळे १२,५००. सगळेच असं करतात म्हणून मीही केलं. आज ते एक लाख नव्वद हजार मी दिले होते, हे सिद्ध करायला माझ्याकडे कागदाचा कपटाही नाही. जो आयुष्यभर दुसऱ्यांना पावती घ्या, पावती घ्या म्हणत आला, त्याची ही गत.

टॉपच का हवी होती? एअरबॅगसाठी. सून आणि दीड वर्षाचा नातू गाडीत बसणार होते. २०१६ च्या गाडीत एअरबॅग असेलच असं नाही. ड्रायव्हरची एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली १ जुलै २०१९ पासून आणि एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा, त्याच वर्षीच्या एप्रिलपासून. त्याआधीच्या गाडीत या दोन्ही गोष्टी व्हेरियंटवर होत्या. म्हणजे जुनी गाडी घेताना व्हेरियंट हा मिरवायचा विषय नाही, जिवाचा आहे. एवढं मला कळत होतं. म्हणून तर ६०-७० हजार जास्त मोजायला तयार झालो.

गाडी दिसायला टॉपच. अलॉय व्हील, टचस्क्रीन, लेदरसारखे सीटकव्हर. स्टिअरिंगच्या मधोमध एअरबॅगची अक्षरं, डाव्या बाजूला डॅशबोर्डवर तीच अक्षरं. शेठ म्हणाला, “काका, दोन एअरबॅग, एबीएस, सगळं कंपनी फिटिंग. एक हात चाललीय, डॉक्टरची.” हा डॉक्टर प्रत्येक जुन्या गाडीचा पहिला मालक कसा असतो, हे मला आज सुचतंय.

मी आरसी बघितली. चष्मा लावून बघितली. मॉडेलच्या रकान्यात स्पष्ट व्हीएक्सआय. मी म्हटलं, “शेठ, हे काय?” तो हसला. “काका, आरटीओत टायपिंगला बसलेली पोरं काय वाटेल ते टाकतात. लोकांची आडनावं धड लिहीत नाहीत, व्हेरियंट कुठलं लिहिणार?”

आणि मला पटलं! कारण माझ्या लाइटबिलावर माझं आडनाव गेली २२ वर्षं चुकीचं आहे. त्या एका वाक्यावर मी चार लाख अडतीस हजार घालवले. सरकारी कागद एक सांगतोय आणि विकणारा दुसरंच, तर कागद खोटा आणि विकणारा खरा, हे मी ठरवलं. बँकेत असताना एखाद्या गिऱ्हाइकानं “सही जुळत नाही, पण माणूस मीच आहे” असं सांगितलं असतं, तर मी पैसे दिले असते का?

फोनवरच्या एमपरिवहन अ‍ॅपमध्येही गाडी नंबर टाकला. तिथंही व्हीएक्सआय. शेठचं उत्तर तयार: अ‍ॅप तर आरटीओचंच, तीच चूक तिथं उतरणार. बरोबर वाटलं.

मग मी हुशारी केली. पुतण्या न्यू जर्सीला असतो. त्यानं तिकडे जुनी गाडी घेताना काचेखालचा १७ अक्षरांचा नंबर टाकून गाडीची सगळी कुंडली काढली होती. म्हणाला, “काका, व्हिन टाका, फॅक्टरीतून काय काय लागून आलं ते कळतं.” व्हिन म्हणजे आपला चेसी नंबर. तिकडे ते खरंच कळतं. त्यांच्या रस्ता सुरक्षा खात्याचा डिकोडर फुकट आहे आणि दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं. जर्मन गाड्यांची तर एकेका फिटिंगची यादी निघते. मी बॉनेट उघडून फायरवॉलवर, म्हणजे इंजिनच्या मागच्या पत्र्यावर, ठोकलेला नंबर टॉर्च लावून उतरवून घेतला, आरसीशी ताडून पाहिला (जुळला, तेवढं तरी खरं होतं) आणि नेटवर सापडलेल्या एका साइटवर ४९९ रुपये भरले.

सहा पानांची पीडीएफ आली. पहिल्या पानावर देश भारत, कंपनीचं नाव, कारखाना, सगळं बरोबर. चौथ्या पानावर एअरबॅग: ड्रायव्हर, पॅसेंजर. पुढं हिरवी बरोबरची खूण. मी ती शेठला दाखवली. तो म्हणाला, “बघा, मी काय सांगत होतो!” त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर जे आलं ते मला तेव्हा समाधान वाटलं. आश्चर्य होतं ते. त्यालाही एवढी फुकटची मदत अपेक्षित नव्हती.

नंतर, सगळं उघडं पडल्यावर, मी शेजाऱ्यांच्या गाडीचा चेसी नंबर त्याच साइटवर टाकला. तेच मॉडेल, पण सगळ्यात खालचं व्हेरियंट, त्यात एअरबॅग नाही हे मला माहीत. आणखी ४९९ गेले. तीच सहा पानं, तीच हिरवी खूण. एकूण ९९८ रुपये मोजून मला कळलं की ती साइट पहिल्या तीन अक्षरांवरून कंपनी ओळखते (एमए३ मारुती, एमएएल ह्युंदाई, एमएटी टाटा), मॉडेलचा अंदाज बांधते आणि टॉप गाडीचं माहितीपत्रक चिकटवून देते. आपल्याकडे मधली अक्षरं कंपनीची खासगी खूण असते. वर्ष-महिना कुठल्या जागी लिहायचा हेही प्रत्येक कंपनीचं वेगळं. त्याची किल्ली कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या कॉम्प्युटरमध्ये. तिथं चेसी नंबर टाकला की व्हेरियंट, रंग, पहिली डिलिव्हरी, कुठल्या सर्व्हिसला किती किलोमीटर, सगळं दोन मिनिटांत पडद्यावर येतं. म्हणून टोकन द्यायच्या आधी गाडी तिथं न्या. विकणारा नको म्हणाला तर पाठ फिरवा, बोलत बसू नका.

मग मी का नेली नाही? कारण दसरा. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला, म्हणजे गांधी जयंतीच्याच दिवशी. शेठ म्हणाला मुहूर्त गाठायचा तर आत्ता ठरवा, मागं दोन पार्ट्या थांबल्यात. त्या दिवशी सर्व्हिस सेंटर बंद. आदल्या दिवशी मी आरटीजीएसच्या रांगेत. हिनं दोनदा सांगितलं होतं, दिवाळीला घेऊ. तिचं नाव घेऊन मी हे मुद्दाम लिहितोय, कारण ते घरात रोज ऐकतोच आहे.

जानेवारीत हॉर्न अडकायला लागला. गावातल्या मेकॅनिककडे नेली. तो पोरगा शहाणा. म्हणाला एअरबॅगचं स्टिअरिंग आहे, उगाच फुटायला नको. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, आम्ही चहा घेऊन आलो, मग मागून स्क्रू ढिले करून पॅड हळूच, अगदी पापड उचलावा तसं, पुढं ओढलं. आत काही नव्हतं. पॅडच्या मागं थर्माकोलचा तुकडा बसवलेला, कडेला एमसीलचे दोन गोळे, आणि हॉर्नची एक तार त्या थर्माकोलला भोक पाडून बाहेर काढलेली. पोरगा माझ्याकडे बघेना. डावीकडचं डॅशबोर्डवरचं नाव नखानं खरवडलं, तर स्टिकर.

आणि मग त्यानं जे विचारलं ते मला अजून झोपू देत नाही. “काका, चावी ऑन केल्यावर लाल दिवा लागायचा का? बसलेला माणूस आणि पुढं गोळा, असा?” नव्हता लागत. कधीच नाही. एअरबॅग असलेल्या गाडीत चावी फिरवली की तो दिवा पेटून चार-सहा सेकंदांत विझतो. एबीएसचाही तसाच. बॅटरीचा लागायचा, ऑइलचा लागायचा, हँडब्रेकचा लागायचा. एअरबॅगचा लागतच नव्हता, आणि मी समजत होतो, लाल दिवा नाही म्हणजे सगळं ठीक! शेठच्या दारात मी ती चावी किमान दहा वेळा फिरवली असेल. दिवा पेटला का, मग विझला का, दोन्ही बघा. पेटलाच नाही तर गाडीत एअरबॅग नाही, किंवा कुणी दिव्याशी खेळ केलाय.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटर. मुलीनं चेसी नंबर टाकला, पडदा माझ्याकडे वळवला. व्हीएक्सआय. काही व्हीएक्सआयमध्ये ‘ओ’ लावलेला, म्हणजे ऑप्शनल प्रकार यायचा, त्यात एअरबॅग असायच्या. ही तीही नव्हे. मी म्हटलं, एवढं लिहून द्या. तर म्हणे लेखी देता येत नाही, कंपनीची पॉलिसी आहे. अहो, आरसीवर मालक म्हणून माझं नाव, गाडी माझी, चेसी नंबर माझा! म्हणे कस्टमर केअरला मेल करा. मेल केला. तक्रार क्रमांक आला. नऊ दिवसांनी “आपल्या शंकेचं निराकरण झालं आहे” असा मेसेज. कुणाचं झालं?

शेठकडे गेलो. त्यानं स्टॅम्पपेपर पुढं केला. “गाडी जशी आहे तशी पाहून, चालवून, समाधान करून घेतली आहे.” खाली माझी सही, कॅशियरची, वळणदार. जाहिरात त्यानं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाकली होती, ती २४ तासांत गेली. माझ्याकडे राहिली त्याची एक व्हॉइस नोट: “टॉप आहे काका, टॉप.” काय टॉप, ते त्यात नाही. तुम्ही घ्याल तेव्हा जाहिरातीचा स्क्रीनशॉट तिथंच काढा, आणि स्टॅम्पपेपरवर व्हेरियंट, पूर्ण चेसी नंबर आणि ‘दोन एअरबॅग, एबीएस, कंपनीचे’ हे शब्द लिहायला लावा. खोटं बोलणारा तोंडानं कितीही बोलतो, लिहिताना त्याचा हात थांबतो.

पोलीस चौकी. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी हवालदारांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, “काका, हे दिवाणी आहे.” एअरबॅगच्या जागी थर्माकोल भरून पैसे घेणं दिवाणी? मी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ छापून नेलं होतं. त्यांनी तो कागद फाइलखाली सरकवला आणि अर्ज ठेवून जा म्हणाले. शिक्का मागितला तर शिक्का ज्यांच्याकडे ते जेवायला गेलेले. तिसऱ्या खेपेला शिक्का मिळाला, आणि वर सल्ला, की गाडीचा विषय आहे तर आरटीओत जा.

आरटीओत तीन खिडक्या झाल्यावर एका बाईंनी शांतपणे सांगितलं, “आम्ही व्हीएक्सआयच नोंदवली. आरसीवर व्हीएक्सआयच आहे. आमची चूक कुठं?” यावर मला उत्तर नव्हतं. चूक नव्हतीच त्यांची. सगळ्या प्रकरणात एकटा आरटीओचा टायपिस्टच खरं बोलला होता. मग मी विचारलं, १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरला तुमचं अधिकारपत्र लागतं ना, याच्याकडे आहे का? तर म्हणे त्यासाठी वेगळा अर्ज करा. केला. उत्तर नाही. तुम्ही हे अधिकारपत्र दुकानातच मागा. माझ्यासारखं नंतर मागायला जाऊ नका.

ग्राहक हेल्पलाइन १९१५. पोरगी गोड बोलली, नोंद केली, डीलरला मेसेज पाठवला. डीलरनं अर्थातच उत्तर दिलं नाही, तर नोंद बंद. फेऱ्या एकूण ११, पेट्रोल २,६४० रुपये, त्याच गाडीत घातलेलं. एका फेरीत पार्किंगचा ५०० रुपये दंडही झाला, तो मात्र तत्परतेनं.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. हे एक काम आधी करायला हवं होतं. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथं फी नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ऑनलाइनही होते, मुदत दोन वर्षं. वकिलांनी १५,००० सांगितले, मी स्वतःच लिहिली. गाडी दुसऱ्या एका गाडीवाल्याला दाखवली तर व्हीएक्सआय म्हणून त्यानं ३,७०,००० ची सांगितली, म्हणजे सरळ ६८,००० चा फटका. शेठचा वकील म्हणणार, तुम्ही तर दिलेच २,४८,०००, मग फसलात कुठं? आणि स्टॅम्पपेपरवर तेच लिहिलंय.

विम्याची आधीची पॉलिसी मागायची राहिली, हेही इथंच सांगतो. त्यावर व्हेरियंट छापलेलं असतं. शेठनं हरवली म्हणून सांगितलं होतं.

पॅड, थर्माकोल आणि एमसीलचे गोळे मेकॅनिकसमोर पिशवीत घालून, तारीख टाकून, सही घेऊन कपाटात ठेवलेत. तारखेला न्यायचेत. स्टिअरिंगचा मधला भाग आता उघडाच आहे, सून आणि नातू मागं बसतात. हॉर्नसाठी गिअरजवळ एक बटण बसवून घेतलंय. १२० रुपये. पावती घेतली.