‘नथिंग न्यू’ की ‘मिररबॉल’?
मागे पडण्याची धास्ती टेलर स्विफ्टनं दोन गाण्यांत दोन तऱ्हांनी मांडलीय. ‘नथिंग न्यू’ लिहिलं २०१२ मध्ये, बाविशीत; ऐकायला मिळालं थेट २०२१ ला, गायिका फीबी ब्रिजर्सच्या साथीनं. त्यात सतरा वर्षांची एक नवी मुलगी येते, वाट तुझ्याकडूनच कळली म्हणते. गाणारी तिचं तोंडावर कौतुक करते आणि रात्री रडत झोपते. हा प्रसंग अंगावर येतो.

‘मिररबॉल’ (२०२०) करोनात कार्यक्रम रद्द झाल्यावरचं. सर्कस गुंडाळली, तरी ही तारेवरच! उपजत काही नाही, नुसती धडपड, असं स्वतःच सांगते. चाल इतकी मऊ, की भीती तिसऱ्यांदा ऐकताना कळते. मी पुन्हापुन्हा लावते ते हेच.