कुत्रीच्या गर्भपिशवीत पू झाला, ऑपरेशन इथे केलं: सांगलीतल्या दवाखान्याचा अनुभव

ज्यांच्या घरी नसबंदी न केलेली कुत्री आहे, त्यांच्यासाठी मुद्दाम सविस्तर लिहितेय. आमची चिंगी आठ वर्षांची स्पिट्झ, वजन नऊ किलो. तिला पायोमेट्रा झाला होता, म्हणजे गर्भपिशवीत पू. ऑपरेशन या दवाखान्यात झालं आणि आता ती ठणठणीत आहे.

मला सगळ्यात जास्त पटला तो इथल्या डॉक्टरबाईंचा पहिला प्रश्न. आधी जिथे नेलं होतं, तिथे उलट्या होतायत, खात नाही एवढं ऐकून पोटाचं औषध आणि लिव्हरचं टॉनिक दिलं होतं. इथे बाईंनी तिला टेबलावर घेतलं, ओठ वर करून हिरड्या बघितल्या आणि विचारलं, "काकू, हिची शेवटची हीट कधी झाली?" हीट म्हणजे माजावर येणं. ती दिवाळीत झाली होती, म्हणजे सव्वा महिना होऊन गेला होता. "पाणी जास्त पितेय का?" वाडगं भरून ठेवायचं की लगेच रिकामं! शूसाठी रात्री-बेरात्री दार उघडावं लागत होतं. "मागून पू, पाणी काही जातंय?" काहीच जात नव्हतं. मला वाटलं, बरंच झालं. बाई मात्र तिथेच गंभीर झाल्या. पिशवीचं तोंड उघडं असेल तर पू वाहून तरी जातो आणि घरच्यांच्या लक्षात येतं. तोंड बंद असलं की तो आत साठत राहतो, विष रक्तात भिनतं, आणि पिशवी फुटली तर सगळं पोटात पसरतं. ताप नव्हता हो तिला. पण या आजारात ताप असतोच असं नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

सोनोग्राफी त्यांनी माझ्यासमोर केली. स्क्रीनवर एकाला एक लागून काळे गोल दिसत होते. ते सगळे पुवाने भरलेल्या पिशवीचे. रक्तात पांढऱ्या पेशी अडतीस हजार निघाल्या, एरवी सतरा हजारांच्या आत असतात म्हणे. किडनीवरचा ताण दाखवणारं क्रिएटिनीनही वाढलेलं होतं. मी "लगेच ऑपरेशन करा" म्हणून मागे लागले, तर त्यांनी थांबवलं. आधी सलाईन आणि अँटिबायोटिक लावून तिला सावरलं, लघवी नीट होतेय हे बघितलं आणि मग संध्याकाळी आत घेतलं. ती घाई न करणं मला फार मोलाचं वाटतं.

नुसत्या इंजेक्शनने भागेल का, हेही विचारलं. तशी औषधं आहेत, पण ती मुख्यतः तरुण आणि पुढे पिल्लं हवी असलेल्या मादीसाठी, आणि पुढच्या हीटनंतर आजार उलटू शकतो. आठ वर्षांच्या, तोंड बंद असलेल्या मादीला ते नको, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ऑपरेशननंतर ट्रेमधली पिशवी दाखवली. एरवी करंगळीएवढीही जाड नसलेली तिची शिंगं, म्हणजे पिशवीच्या दोन लांब नळ्या, तट्ट फुगून लालजांभळी झाली होती. काट्यावर वजन पाऊण किलोच्या वर. एवढं ओझं घेऊन माझी पोर शेपूट हलवत होती!

कारणही त्यांनी नीट समजावलं. हीट संपली की कुत्रीच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन दोनेक महिने चढलेलं राहतं, पिल्लं राहोत की न राहोत. त्याने पिशवीचं अस्तर जाड होतं, आत स्राव साठतो, पिशवीची प्रतिकारशक्ती उतरते, आणि ई. कोलायसारखे जंतू तिथे घर करतात. दर हीटला हेच, म्हणून वयाबरोबर धोका वाढत जातो. स्वीडनमध्ये नसबंदीची फारशी पद्धत नव्हती. तिथल्या विम्याच्या नोंदींत दहा वर्षांच्या आत साधारण चार-पाचातल्या एका मादीला हा आजार झालेला दिसला. आपल्याकडे "एकदा पिल्लं होऊ द्या, मग काही होत नाही" असं सर्रास सांगतात, त्यावर विसंबू नका. आणि हीट येऊ नये म्हणून जे हार्मोनचं इंजेक्शन देतात, त्याने तर धोका वाढतो.

बिल साडेसोळा हजार झालं. सोनोग्राफी, रक्त, भूल, औषधं, सगळं वेगवेगळं लिहून दिलं आणि ऑपरेशनआधीच अंदाज सांगितला होता. निरोगी असताना केलेली नसबंदी याच्या निम्म्याहूनही कमी खर्चात होते, धोकाही कितीतरी कमी.

एक तारा कापतेय, कारण रात्री इथे कोणी थांबत नाही. हाताला सलाईनची सुई तशीच ठेवून चिंगीला घरी आणावं लागलं, आणि आमच्या घरात त्या रात्री कोणाचा डोळा लागला नाही. बाईंनी रात्री उशिरा फोन उचलला हे खरं, पण एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर माणूस हजर हवा. बसायच्या जागेत मांजरं आणि कुत्री एकत्रच असतात, तेवढीही सोय करावी. दुपारी दवाखाना बंद असतो आणि सोनोग्राफी सकाळीच करतात, तेव्हा फोन करून जा, आणि शेवटच्या हीटची तारीख कागदावर लिहून न्या.