'थिंकिंग ऑफ' की 'थिंकिंग अबाउट'?

मराठीत आपण दोन्हीकडे 'विचार करतोय' म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत मात्र 'थिंकिंग'ला कोणतं शेपूट लागलंय, त्यावर अर्थ हलतो.

'आय ॲम थिंकिंग ऑफ यू' हे आजारी मैत्रिणीला पाठवायच्या कार्डावरचं वाक्य. तू मनात आहेस, एवढंच. 'थिंकिंग अबाउट यू' म्हटलं की मन जरा रेंगाळतं: तिचं कसं होणार, पुढे काय, असा घोळ सुरू असतो. फरक बारीक आहे. बोलण्याच्या ओघात इंग्रज माणूसही अदलाबदल करतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

बेताच्या बाबतीत दोन्ही चालतात. 'थिंकिंग ऑफ बाइंग अ कार' म्हणजे गाडी घ्यायचं मनात आहे. 'अबाउट'मध्ये तोलून पाहणं थोडं जास्त. आपण घसरतो ते भलतीकडेच. 'घ्यायचा विचार' डोक्यात असतो, म्हणून तोंडातून 'थिंकिंग टू बाय' निघतं. 'ऑफ' किंवा 'अबाउट' आलं की पुढच्या क्रियापदाला 'इंग' लागणारच.

नाव आठवत नसेल तर मात्र 'ऑफ'च: 'आय कान्ट थिंक ऑफ हिज नेम'. आणि सिनेमा कसा वाटला हे विचारताना 'थिंकिंग' नकोच, 'व्हॉट डू यू थिंक ऑफ इट?'

जाता जाता, 'डिस्कसिंग'ला यातलं काहीच लागत नाही. 'डिस्कसिंग अबाउट' हे आपल्या 'विषयी चर्चा'चं देणं.