कॉलेजची नोकरी, फ्रीलान्स की घरून व्हिडिओ: दुभाषकाचे हात आणि मन कुठे टिकतील?

सांकेतिक भाषेच्या दुभाषकाचा डिप्लोमा संपवून आलेल्या एका मुलीनं मला परवा विचारलं, "ताई, एका कॉलेजची ऑफर आहे, एक व्हिडिओवरून काम देणारी कंपनी बोलावतेय आणि मैत्रिणी म्हणतात फ्रीलान्सच कर. कशात पैसे जास्त?" पैशांचं बोलणं पाच मिनिटांत संपलं. पुढचा तासभर आम्ही तिच्या उजव्या अंगठ्याबद्दल बोललो. दोन वर्षांच्या प्रशिक्षणातच अंगठ्याच्या बुडाशी कळ यायला लागली होती आणि तिनं ती घरीसुद्धा सांगितली नव्हती.

त्या तासात जे बोलले ते इथे सविस्तर लिहिते आहे. भारतीय सांकेतिक भाषेची दुभाषक, म्हणजे आपल्या बोलण्यातली इंटरप्रिटर, म्हणून पुण्यात उभं राहायचं ठरलंय आणि या तीन वाटा समोर आहेत, अशा कुणासाठीही. तिन्हींवर मी चालले आहे. मत आधीच सांगते: तासाचा दर बघण्याआधी "आता थांबूया" म्हणायचा अधिकार कुणाकडे राहणार आहे ते बघा.

हात का दुखतात

बधिर व्यक्ती स्वतः व्याख्यान देते तेव्हा वेग तिचा असतो. दमली की ती पाणी पिते, हात खाली सोडते. दुभाषकाला ही मुभा नाही. बोलणारा पळाला की हातांनी पळायचं, तो अडखळला की हात हवेत धरून वाट बघायची. त्यात भारतीय सांकेतिक भाषेची मुळाक्षरं दोन्ही हातांनी होतात. रसायनशास्त्राच्या तासाला संयुगांची नावं अक्षरांनी दाखवायची वेळ आली की डावा हातसुद्धा सुटत नाही.

१९९२ साली फॉयरस्टीन आणि फिट्झगेराल्ड यांनी अमेरिकेतल्या दुभाषकांची पाहणी केली. दुखणारे आणि न दुखणारे दुभाषक शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा दुखणाऱ्यांच्या बाबतीत चार गोष्टी वेगळ्या दिसल्या: मधे विसावा कमी, मनगट जास्त वाकलेलं, हात शरीरापासून जास्त लांब जाणारे आणि बोटांची गती जास्त. यातल्या तीन गोष्टी सवयीनं सुधारता येतात. कोपर अंगाजवळ ठेवा, चिन्हं छातीसमोर लहान जागेत करा, मनगट सरळ राहू द्या. विसावा मात्र एकटीच्या सवयीनं मिळत नाही, तो कामाच्या व्यवस्थेतच असावा लागतो. म्हणून तुलना व्यवस्थांचीच करायला हवी.

डोक्याचा थकवा याहून फसवा. बार्बरा ब्रासेल यांनी १९७६ मधे सांकेतिक भाषा दुभाषकांच्या चुका मोजल्या. साधारण अर्ध्या तासापर्यंत काम ठीक चालत होतं, पुढे चुका वाढत गेल्या. तोंडी बोलल्या जाणाऱ्या भाषांच्या दुभाषकांवर १९९८ मधे झालेल्या अभ्यासातही हेच आढळलं, आणि त्यात आणखी एक गोष्ट दिसली: दर्जा घसरल्याचं त्या दुभाषकांच्या स्वतःच्या लक्षातच येत नव्हतं. दर १५-२० मिनिटांनी जोडीदाराशी अदलाबदल करायची पद्धत म्हणूनच आहे. "अजून दमले नाही, चालू दे" असं वाटतं त्या क्षणी स्वतःवर विश्वास ठेवू नका. घड्याळ बघा.

कॉलेज किंवा कंपनीची नोकरी

हिचा मोठा गुण म्हणजे ओळख. तेच प्राध्यापक, तेच विषय, तोच विद्यार्थी. ऑक्टोबरपर्यंत अर्थशास्त्रातल्या शब्दांची चिन्हं दोघांची ठरून जातात आणि डोक्यावरचा भार खरंच उतरतो. दिवाळीची सुट्टी, मे महिना, रजा. ईएसआयसी, म्हणजे कर्मचाऱ्यांचा सरकारी विमा, लागू असलेल्या ठिकाणी, २१,००० रुपयांपर्यंत मासिक पगार असेल आणि विम्याचा हप्ता भरलेल्या दिवसांची अट पूर्ण झालेली असेल, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. दुखऱ्या मनगटाला सहा आठवडे विश्रांती सांगितली तर या तरतुदीची किंमत कळते. आपल्या क्षेत्रात मुली भरपूर आहेत म्हणून हेही लिहिते: गरोदरपणात मनगटातली नस दाबली जाऊन बोटांना मुंग्या येणं अगदी नेहमीचं आहे. कायद्यानं मिळणारी २६ आठवड्यांची प्रसूती रजा पगारी माणसाला आहे, फ्रीलान्सरला नाही.

धोका वेळापत्रकात असतो. अनेक ठिकाणी दुभाषक एकच नेमतात आणि सलग चार तास लावून मोकळे होतात. प्राध्यापक तासाला बदलतात, विद्यार्थ्याला मधे फळ्यावरचं उतरवायला वेळ मिळतो, तुमचे हात मात्र आठ ते बारा वरच. माझ्या पहिल्या नोकरीत असंच होतं. सांगितलं तेव्हा उत्तर मिळालं, "उभं राहून हातच तर हलवायचे असतात." तिसऱ्या महिन्यात मला पोळ्या लाटता येईनात.

कंपनीत दुसराच सापळा आहे. हिंजवडी किंवा खराडीला दिवसभर दुभाषकाचं काम नसतं. एक टाउन हॉल म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांची सभा, नव्यांसाठी एखादी इंडक्शन, एचआरशी चर्चा, बाकी वेळ रिकामा. मग त्या वेळात एक्सेलमधे माहिती भरायला देतात. वरून हा आराम वाटतो, पण कीबोर्ड आणि माउस चालवताना तेच स्नायू आणि ते हाडांना जोडणाऱ्या त्याच कंडरा राबतात. हातांचा विसावा असा परस्पर खर्च होतो. नेमणूकपत्रात "इतर नेमून दिलेली कामं" हे शब्द दिसले तर त्यात टंकलेखन किती, ते लेखी घ्या.

जाण्यायेण्याचाही हिशेब करा. वाकडहून हिंजवडीला पाऊण तास दुचाकीच्या क्लचवर डावा पंजा आवळत जायचं आणि पोचल्या पोचल्या हात वर करायचे, हे रोज करून पाहिलेली कुणीही तुम्हाला सांगेल काय होतं ते. वनाज ते सिव्हिल कोर्ट मेट्रोनं जाता येत असेल तर ती वीस मिनिटं हातांची आहेत. मी दुचाकी सोडली ती पैशांसाठी नव्हे.

फ्रीलान्स

इथे "नाही" म्हणता येतं. पण घरभाडं पाच तारखेला असतं आणि कार्यक्रम झाल्यावर धनादेश दोन महिन्यांनी येतो, तेव्हा "नाही" म्हणायला छाती लागते. २३ सप्टेंबरच्या आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिनाच्या आठवड्यात सगळे बोलावतात. शनिवारी सकाळी सेमिनार, दुपारी दवाखाना, संध्याकाळी नाट्यगृहात कार्यक्रम, असा दिवस मीही घेतलाय. पुढचे चार दिवस भांडी घासताना हातातून पेला सुटत होता.

तरीही माझा कल अनुभवी माणसासाठी फ्रीलान्सकडे आहे. कारण करार तुम्ही लिहिता. माझ्या करारात असं असतं: काम एका तासाहून मोठं असेल तर दोन दुभाषक. स्लाइड आणि नावांची यादी दोन दिवस आधी. बिनहाताची खुर्ची, कारण खुर्चीच्या हातांवर कोपर आपटतं किंवा ते टाळायला खांदे उचललेले राहतात. मागे खिडकीचा उजेड नको. ऐनवेळी रद्द केलं तर अर्धं मानधन.

"दोघी कशाला? एकीचंच तर काम आहे," हे वाक्य पुण्यात तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. मी आयोजकाला सांगते की दुसरी दुभाषक रिकामी बसत नाही. ती सुटलेला आकडा पुरवते, न ऐकू आलेलं नाव सांगते, आमच्या भाषेत फीड देते. आणि अर्ध्या तासानंतर माझ्या चुका वाढल्या की नुकसान समोर बसलेल्या बधिर श्रोत्यांचं होणार आहे. बहुतेकांना हे दुसरं कारण पटतं. ज्यांना पटत नाही त्यांचं काम मी सोडते.

यातलं सगळ्यात जड काम न्यायालय, पोलीस चौकी आणि रुग्णालयाचं. पूर्वीच्या पुरावा कायद्याचं कलम ११९, आताच्या भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १२५. बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराचा जबाब नोंदवताना दुभाषकाची किंवा विशेष शिक्षकाची मदत घ्यायची आणि त्याचं चित्रीकरण करायचं, असं त्यात आहे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यातही अपंग मुलाच्या जबाबासाठी अशी मदत आहे. हे हक्क मोठ्या लढ्यानं मिळालेत आणि ते काम कुणीतरी करायलाच हवं. पण दुभाषक "ती म्हणते" असं बोलत नाही, "मी" म्हणते. एखादी मुलगी हातांनी सांगते आणि "माझ्यावर" हा शब्द तुमच्या तोंडून बाहेर पडतो. दुपारी शिवाजीनगर कोर्टातून बाहेर आल्यावर तो शब्द तोंडातच राहतो, आणि गोपनीयतेमुळे घरी कुणाला सांगता येत नाही.

याला उपाय एकच मला लागू पडला: नाव, गाव, तपशील काही न सांगता, अनुभवी सहकारिणीजवळ फक्त स्वतःला काय झालं ते बोलायचं, आणि त्याच दिवशी बोलायचं. अशी सहकारिणी जोडलेली नसेल तोवर ही कामं घेऊ नका. झोप उडाली, तीच दृश्यं परत परत दिसायला लागली तर समुपदेशकाकडे जा. टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर कधीही, मोफत बोलता येतं.

घरून व्हिडिओ

इथे दुभाषक घरी बसून व्हिडिओ कॉलवरून काम करते. प्रवास वाचतो, खुर्ची आपली, उजेड आपला. पावसाळ्यात तर हे फार मोठं सुख आहे. पण कॅमेऱ्याची चौकट लहान असते. तिच्यात मावायला कोपरं बरगड्यांना चिकटतात आणि हात नेहमीपेक्षा वर, हनुवटीपाशी धरले जातात. दोन तासांनी मान आखडते. कानात खरखरता आवाज, म्हणून आवाज वाढवायचा, संध्याकाळी कानात शिट्टी. डोळ्यांचं वेगळं सांगायला नको.

खरी अडचण रांगेची आहे. बँकेच्या केवायसीचा कॉल संपतो आणि पुढच्या क्षणाला अतिदक्षता विभागातला डॉक्टर समोर असतो. कोण आहे, काय झालंय, काही माहिती नाही. कॉल संपला की पडदा काळा, लगेच पुढचा. प्रत्यक्ष कामात निदान दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंतचा वेळ मिळतो. रॉबिन डीन आणि रॉबर्ट पोलार्ड यांनी २००१ मधे दुभाषकाच्या ताणाची मांडणी केली ती इथे चपखल बसते. काम किती मागतं एवढ्यावर ताण ठरत नाही, त्या मागणीपुढे तुमच्या हाती काय काय आहे यावरही ठरतो. रांगेच्या कॉलवर मागणी अफाट आणि हाती फारच थोडं.

म्हणून व्हिडिओचं काम घ्यायचं तर कंपनीला हे विचारा: तासाला किती मिनिटं कॉलविना मिळतात? जड कॉलनंतर स्वतःला रांगेतून बाहेर काढता येतं का, आणि पैसे कापले जातात का? लांब कॉलला जोडीदार मिळतो का? मिनिटांवर मोबदला असेल तर विसाव्याचे पैसे तुमच्याच खिशातून जातात, हे आधी समजून घ्या. दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त मी करत नाही. शहराबाहेरच्या एखाद्या बधिर बाईला रात्री दवाखान्यात दुसरं कुणीच मिळणार नसतं, तेवढ्यासाठी मी ते पूर्ण सोडलेलं नाही.

मग त्या मुलीला काय सांगितलं

पहिली दोन वर्षं कॉलेज, पण दुसरा दुभाषक असेल तरच. नसेल तर सलग दोन तासांच्या वर एकही सत्र नाही आणि प्रत्येक तासानंतर दहा मिनिटं, हे वेळापत्रकात छापून. हे मिळत नसेल तर एखाद्या मुरलेल्या दुभाषकाची जोडीदार म्हणून फ्रीलान्स, पैसे थोडे कमी आले तरी. व्हिडिओ जोडकाम म्हणून. कोर्ट सध्या नको.

आणि त्याआधी अंगठा. रात्री मुंग्यांनी जाग येणं, वस्तू हातातून निसटणं, सकाळी बोटं आखडलेली असणं, यातलं एकही लक्षण दोन आठवडे टिकलं तर डॉक्टर. मालिश आणि मलम लावून महिने काढू नयेत. तिला मी अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवलं. जाताना सांगितलं, "रोज हात हलवायचं काम आहे" एवढंच सांगू नकोस, समोर बसून दहा मिनिटं साइन करून दाखव. अंगठा कुठे ताणला जातो ते त्यांना दिसू दे.

तिचा काल मेसेज आला. तीन आठवडे पट्टा आणि विश्रांती सांगितली आहे. रुजू व्हायची तारीख पुढे मिळेल का, असं तिनं कॉलेजला विचारलं आणि त्याच ईमेलमधे दुसऱ्या दुभाषकाचंही विचारलं. तारीख मिळाली आहे. दुसऱ्या प्रश्नावर प्राचार्यांनी तिला सोमवारी भेटायला बोलावलंय. मी सोबत जाणार आहे.