ॲक्टिव्ह म्हणून विकली, आत प्रीॲम्पच नव्हता

मुंबईत जुनी बेस गिटार घ्यायला निघालेल्या मुलामुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनी हे वाचावं म्हणून लिहितेय. ॲक्टिव्ह गिटारीत प्रीॲम्प असतो, म्हणजे आवाज वाढवणारं-घडवणारं, बॅटरीवर चालणारं छोटं सर्किट. पॅसिव्हमध्ये ते नसतं. दुकानदार "ॲक्टिव्ह आहे" म्हणाला की गिटार ॲम्पला (ॲम्प्लिफायरला) लावून वाजवायला घ्या आणि वाजत असतानाच मागची बॅटरी काढायला सांगा. आवाज एखाददोन सेकंद रेंगाळेल, फाटेल, पण बंद पडलाच पाहिजे. आमच्या गिटारीची बॅटरी दुकानात कोणी काढली असती तर आवाजात तसूभरही फरक पडला नसता, आणि आमचे १८,००० रुपये वाचले असते.

मुलगी कॉलेजच्या बँडमध्ये वाजवते, शिवाय नवरात्रात एका वाद्यवृंदातही उभी राहते. तिच्या सरांची गिटार ॲक्टिव्ह, त्यामुळे तिलाही तशीच हवी होती. नवी घेणं परवडेना, म्हणून अंधेरीच्या एका जुन्या वाद्यांच्या दुकानात गेलो. गिटार नामांकित कंपनीची होती, अस्सल होती. मॉडेलचा नंबर मोबाईलवर शोधला, तर तिथेही ॲक्टिव्हच लिहिलेलं. "काकू, चार नॉब बघा, मागे बॅटरीचा डबा बघा. पॅसिव्हला हे असतं का? बॅटरीसुद्धा मी नवी टाकलीय," दुकानदार म्हणाला. ट्रेबलचा नॉब फिरवला तसा आवाज उजळला. बेसचा, म्हणजे खालच्या सुरांचा, नॉब फिरवताना त्याचा दुसरा हात ॲम्पवर होता. का, विचारलं तर "लेव्हल सेट करतोय" म्हणाला. तशीच पण पॅसिव्ह गिटार त्याच भिंतीवर दहा हजारांना टांगलेली होती. वरचे आठ हजार आम्ही फक्त त्या ॲक्टिव्हपणाचे मोजले.

शंका आली ती सरांना. दोन गोष्टी त्यांना खटकल्या. एक तर आवाज सारखा गोधडीखालून आल्यासारखा यायचा. आणि दुसरी म्हणजे बॅटरी. ॲक्टिव्ह गिटारीत केबल खुपसली की बॅटरीचं सर्किट चालू होतं, म्हणून वाजवून झालं की केबल काढायची असते. आमच्या घरी ती अख्खा पावसाळा तशीच लावलेली होती, कारण जागा कमी आणि रियाज रोजचा. बॅटरी केव्हाच उतरायला हवी होती. मीटर लावला तर साडेनऊ व्होल्ट, म्हणजे कोरी करकरीत. सर म्हणाले, "ही बॅटरी कोणी वापरतच नाहीये."

लॅमिंग्टन रोडला ॲम्प दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे नेली. त्यांनी मागची काळी पट्टी उघडली आणि मला जवळ बोलावलं. "वहिनी, हे बघा." बॅटरीची लाल वायर कापून तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळलेली. काळी वायर नुसतीच लोंबत होती. बेस लिहिलेल्या नॉबच्या तिन्ही पायांना एकही वायर नाही, फक्त जुन्या सोल्डरचे थेंब. जिथे प्रीॲम्पची पट्टी बसायची तिथे दोन रिकामी स्क्रूची भोकं आणि हिरवट-पांढरी बुरशीसारखी खार. जुनी बॅटरी वर्षानुवर्षं आत राहून गळली असणार आणि तिने प्रीॲम्प खाल्ला असणार, असं काकांचं म्हणणं. कोणीतरी तो काढून टाकला, तारांची कंपनं टिपणारे पिकअप थेट जोडले आणि ट्रेबलच्या जागी साधा टोनचा नॉब बसवला. केबल जिथे खुपसतात तो जॅकसुद्धा बदललेला, दोनच पायांचा. ॲक्टिव्ह गिटारीला तीन पायांचा जॅक लागतो, कारण बॅटरीची ऋण वायर त्या तिसऱ्या पायावर येते आणि केबल खुपसली की जोडली जाते. दोन पायांच्या जॅकवर तो खटका होणारच नाही.

दबलेल्या आवाजाचं कारणही तिथेच सापडलं. नॉबखाली पॉट असतो, म्हणजे फिरवून कमी-जास्त होणारा रेझिस्टर. प्रीॲम्पनंतर ५० के (किलो-ओहम) किंवा २५ केचे पॉट चालतात, कारण प्रीॲम्पला तो भार झेपतो. नुसत्या पिकअपला झेपत नाही, वरचे सूर मरतात. तिथे साधारण २५० के किंवा ५०० केचे पॉट हवेत. प्रीॲम्प काढणाऱ्याने व्हॉल्यूमचा ५० केचा पॉट तसाच ठेवला होता. म्हणजे आम्हाला ॲक्टिव्ह मिळाली नाहीच, धड पॅसिव्हही मिळाली नाही.

परत दुकानात गेलो तेव्हा आधी उत्तर आलं, "काकू, ती पॅसिव्ह मोडवर असेल." ॲक्टिव्ह-पॅसिव्हचा स्विच असलेल्या गिटारी असतात हे खरं, तशा गिटारीची परीक्षा स्विच ॲक्टिव्हवर ठेवून घ्यायची. आमच्या गिटारीला स्विचच नाही. मग म्हणे, "तुम्ही बाहेर उघडलीत, आता माझी जबाबदारी नाही." पावतीवर त्याने फक्त "जुनी गिटार, १ नग" लिहिलं होतं. तुम्ही घ्याल तेव्हा मॉडेलचा नंबर आणि "ॲक्टिव्ह प्रीॲम्प चालू स्थितीत" हे शब्द पावतीवर लिहून घ्या. जो लिहायला कां कूं करेल त्याच्याकडून घेऊ नका. बेस आणि ट्रेबलचे नॉब अध्येमध्ये ठेवून दोन्ही बाजूंना फिरवा. खऱ्या प्रीॲम्पमध्ये सहसा एकीकडे आवाज वाढतो, दुसरीकडे घटतो, आणि बहुतेकांना मध्यावर हलकासा खटका लागतो. पॅसिव्ह टोन फक्त घटवू शकतो. आणि हे सगळं करताना ॲम्पला कोणालाही हात लावू देऊ नका.

माझा राग पॅसिव्हवर मुळीच नाही. फेंडरची १९५१ ची प्रिसिजन आणि १९६० ची जाझ बेस, दोन्ही मुळात पॅसिव्ह. ॲक्टिव्हचा बोलबाला झाला तो १९७६ च्या म्युझिक मॅन स्टिंगरेपासून. लांब केबल असली तरी ॲक्टिव्हचा आवाज मंदावत नाही, स्टेजवर बेस-ट्रेबल गिटारीवरच कमी-जास्त करता येतं, हे फायदे खरेच आहेत. पण बजेट कमी असेल आणि गिटार जुनी असेल तर मी आता कोणालाही चांगली पॅसिव्हच घ्या म्हणेन. आत भाग कमी, बिघडायला कमी, आणि लपवायला तर फारच कमी. नवी घेणार असाल तर मॉडेलचा आकडा नीट वाचा. यामाहाच्या एकाच मालिकेत टीआरबीएक्स १७४ पॅसिव्ह आहे आणि ३०४ ॲक्टिव्ह.

काकांनी ५०० केचे पॉट आणि नवा जॅक बसवून दिला. आवाज खुलला, मुलगी नवरात्रात तीच वाजवणार आहे. दुकानदाराविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली आहे, सोबत कापलेल्या वायरीचे आणि जॅकचे फोटो जोडलेत. तुमची गिटार उघडायची वेळ आली तर काहीही सुटं करण्याआधी फोटो काढा आणि काढलेले भाग पिशवीत घालून घरी आणा.