एआरईचा दीड वर्षाचा अभ्यास: काय विकत घेतलं, काय फुकट मिळालं आणि 100 की 150

एआरई म्हणजे अमेरिकेत आर्किटेक्टचं लायसन्स मिळवायची परीक्षा. तिचा शेवटचा पेपर, पीडीडी (प्रोजेक्ट डेव्हलपमेंट अँड डॉक्युमेंटेशन), पास होऊन तीन आठवडे झाले. काल क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट उघडलं तर अभ्यासासाठी घेतलेल्या व्हिडिओ कोर्सच्या सबस्क्रिप्शनचे पैसे परत कापलेले. मेल केला. उत्तर आलं, ऑटो-रिन्यूअल अटींमध्ये आहे, पैसे परत मिळणार नाहीत. म्हणून हे लिहायला बसले. भारतातून बी.आर्क. करून इकडे अमेरिकेत एम.आर्क.ला आलेली आपली बरीच मुलं आता एआरईला बसतायत, त्यांचे तरी पैसे वाचावेत.

सहा डिव्हिजन, म्हणजे पेपर, कोणत्या, एएक्सपीचे (लायसन्ससाठी लागणाऱ्या कामाच्या अनुभवाचे) तास किती, हे तुम्हाला माहीतच आहे. मी बसले तेव्हा एका पेपरची फी 235 डॉलर होती, म्हणजे सहा पेपरचे 1,410. मी पीपीडीत (प्रोजेक्ट प्लॅनिंग अँड डिझाइन) एकदा नापास झाले, तेव्हा 235 आणखी गेले आणि पुन्हा बसायला 60 दिवस थांबावं लागलं. सांगलीहून आई फोनवर म्हणाली, "अगं, पाच वर्षं शिकलीस की, आता परत कसली परीक्षा?" तिचं चुकत नव्हतं. आपल्याकडे 1972 च्या आर्किटेक्ट्स कायद्याप्रमाणे डिग्री झाली की कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी होते, वेगळी परीक्षा नसते.

सुरुवात केली जुन्या पुस्तकाने. ऑफिसातल्या एका सीनियरने त्यांचं जाडजूड रिव्ह्यू मॅन्युअल दिलं. पेन्सिलीच्या खुणांसकट, फुकट. कोणत्या वर्षाची आवृत्ती आहे हे मी पाहिलंच नाही, आणि पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं.

ऑफिसात एका टेनंट फिट-आउटचं, म्हणजे भाडेकरूसाठी जागा आतून तयार करण्याचं, काम माझ्याकडे होतं. जागा 6,000 चौरस फूट, वापर ऑफिसचा. माणशी 100 चौरस फूट धरून मी 60 चा ऑक्युपंट लोड (त्या जागेत धरायची माणसं) काढला आणि बाहेर पडायला दोन दारं दाखवली. सीनियरनी शीटवर बोट ठेवून विचारलं, "हे 60 कुठून आले?" मी म्हटलं, पुस्तकातून, तुमच्याच. त्यांनी कोड उघडला. आयबीसीच्या (इकडच्या इंटरनॅशनल बिल्डिंग कोडच्या) 2018 च्या आवृत्तीपासून ऑफिससाठी माणशी 150 चौरस फूट धरतात. म्हणजे माणसं 40. ऑफिस वापरात 49 पर्यंत एक दार चालतं, अर्थात आतल्या वाटेचं अंतर मर्यादेत असेल तर. क्लायंटच्या भिंतीत एक जादा दार, त्याचं हार्डवेअर, बाहेर त्याला लागणारी वाट, हे सगळं एका जुन्या आकड्यावर उभं होतं. तो 100 माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

त्याच आठवड्यात, आता नवीनच घ्यायचं असं ठरवून मी व्हिडिओ कोर्स घेतला. महिन्याच्या महिन्याला पैसे, अभ्यास लांबला की खर्चही लांबतो. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या प्रश्नसंचात ऑफिसचा प्रश्न आला आणि उत्तरात परत 100! स्क्रीनशॉट काढून पाठवला. दहा दिवसांनी "टीमला कळवलं आहे" एवढं उत्तर. चार महिन्यांनी पाहिलं तरी प्रश्न तसाच. पानाच्या माथ्यावर मात्र "अद्ययावत" लिहिलेलं. मी त्यांना तीन मेल केले.

इथे माझं मत थोडं बदललं, तेही सांगायला हवं. पीएच्या (प्रोग्रॅमिंग अँड ॲनालिसिस) पेपरला बसले तेव्हा केस स्टडीत कोडचा उतारा स्क्रीनवरच दिलेला होता. तक्ता शोधायचा, योग्य ओळ वाचायची, भाग द्यायचा. आकडा पाठ असण्याशी संबंध नव्हता. आणि भाग कसा द्यायचा, ग्रॉस (एकूण) आणि नेट (प्रत्यक्ष वापराचं) क्षेत्रफळ यांत फरक काय, हे मला त्या जुन्या पुस्तकानेच शिकवलं होतं. मातीचे प्रकार, पाया, बीममधले ताण यांत जुनं होण्यासारखं काही नाही, ते भाग मी त्यातूनच केले आणि छान झाले. व्हिडिओ कोर्समध्येही एसी, डक्ट, पाण्याची वाफ भिंतीत कुठे थंड होऊन पाणी होते हे चलचित्रातून इतकं स्वच्छ दाखवलंय की बी.आर्क.ला पाठ केलेलं मला तिथे पहिल्यांदा कळलं. त्या दोन महिन्यांचे पैसे वसूल झाले. पुढचे पाच महिने नुसते जात राहिले.

कंत्राटांच्या बाबतीत मात्र आवृत्ती पाहाच. ए201 (बांधकाम कराराच्या सर्वसाधारण अटी) आणि बी101 (मालक-आर्किटेक्ट करार) यांच्या 2017 च्या नमुना प्रती एआयएकडे (अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स) फुकट वाचता येतात. जुन्या नोट्स 2007 च्या असतात, आणि 2017 मध्ये ए201 मधला विम्याचा बराच मजकूर कराराच्या जोडपत्रात गेला. मी ए201 ची प्रिंट काढून न्यू जर्सी-न्यूयॉर्कच्या पाथ ट्रेनमध्ये रोज दोन पानं वाचली. कंत्राटदाराचं बिल आल्यावर आर्किटेक्टला सात दिवस, क्लेम (दावा) करायला एकवीस दिवस, सब्स्टॅन्शियल कम्प्लिशननंतर (काम वापरण्याजोगं झाल्यावर) दुरुस्तीचं एक वर्ष, हे मूळ कलमात वाचलं की विसरत नाही. सारांशातलं मी दोनदा विसरले.

एनकार्बचे (ही परीक्षा घेणारी संस्था) सराव पेपर फुकट आहेत, प्रत्येक डिव्हिजनचा एक. मी ते "शेवटी बघू" म्हणून ठेवले आणि पीपीडीत तिथेच मार खाल्ला. मी बसले तेव्हा परीक्षेत कागद-पेन्सिल मिळाली नाही, स्क्रीनवरच्या व्हाइटबोर्डवर माउसने आकडेमोड करावी लागली. मला कागदाची सवय, माउसने सात लिहिला तर एक दिसायचा. वेळ गेला. ब्रेक घेतला की आधी पाहिलेल्या प्रश्नांकडे परत जाता येत नाही, हे नियमात वाचलं होतं, पण तिथे प्रत्यक्ष पोटात खड्डा पडला. दुसऱ्या वेळी आधी सराव पेपर सोडवला, त्याच व्हाइटबोर्डवर, घड्याळ लावून. पास झाले. आता पहिल्यापासून करायचं असतं तर प्रत्येक डिव्हिजनची सुरुवात सराव पेपरानेच केली असती, आणि पैसे देऊन काय घ्यायचं ते त्यात काय चुकलं हे पाहूनच ठरवलं असतं.

आज सबस्क्रिप्शन रद्द केलं, कन्फर्मेशनचा मेल जपून ठेवलाय. कार्डाच्या बँकेकडे तक्रारही टाकली आहे. ते जाड पुस्तक सोमवारी ऑफिसातल्या नव्या मुलीला देणार आहे. त्या तक्त्यातल्या 100 वर लाल पेनाने काट मारून शेजारी 150 लिहिलंय, आणि आतल्या कव्हरवर आवृत्तीचं वर्ष मोठ्या अक्षरात.